एक सी, साठ तास आणि डीपीटीचा अर्ज

पत्र : माझी मुलगी न्यू जर्सीत बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय एक्सरसाइज सायन्स. तिला फिजिकल थेरपीच करायची आहे. आत्तापर्यंत ९२ क्रेडिट झाले, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.३४. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीच्या दुसऱ्या भागात सी आला. घराजवळच्या स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये ६० तास शॅडोइंग, म्हणजे थेरपिस्टसोबत राहून त्यांचं काम बघणं, झालंय. येत्या जूनमध्ये डीपीटीला, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी या पदवीला, अर्ज करायचा आहे. कुणी सांगतं ३.६ च्या खाली कुणी विचारत नाही, कुणी सांगतं आधी मास्टर्स करा, कुणी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेवर जोर द्या म्हणतं. आमच्या ओळखीतले एक ऑर्थोपेडिक सर्जन शिफारसपत्र द्यायला तयार आहेत. ती सतत परीक्षांमध्ये अडकलेली असते, म्हणून फॉर्म मीच भरावा असं मनात आहे. नक्की कशाकडे लक्ष द्यावं?
— एक आई

उत्तर : मास्टर्सचा प्रश्न आधी निकालात काढू. नको. ज्यांचा जीपीए तीनच्या खाली घसरलाय आणि पदवीही हातात पडून गेलीय, त्यांना तो रस्ता कधीकधी उपयोगी पडतो. तुमच्या मुलीचे अजून २८ क्रेडिट बाकी आहेत. आकडा हलवायचा तो तिथेच हलेल, वेगळी फी भरायची गरज नाही.

अर्ज यंदाच करावा, पण जूनमध्ये नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याचं कारण त्या सी-मध्ये आहे.

बहुतेक प्रोग्रामांची किमान अट ३.० असते आणि प्रत्यक्षात प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.५ च्या पुढे असते. म्हणजे तुमची मुलगी रांगेत आहे, पण पुढच्या टोकाला नाही. अशा मधल्या जागेवर असणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळायच्या : कुठे अर्ज करायचा ते नीट निवडणं, आणि अर्जात एकही भोक न ठेवणं. ३.३ वाले नाकारले जातात त्यातले बरेचसे आकड्यामुळे नाही, तर चुकीच्या ठिकाणी अर्धवट अर्ज गेल्यामुळे.

आता त्या सी-चं गणित. फिजिकल थेरपीचे बहुतेक अर्ज पीटीकॅस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातात आणि जीपीए पीटीकॅस स्वतः काढतं. कॉलेजने जुना ग्रेड पुसून नवा लावला असला तरी पीटीकॅस दोन्ही धरतं. ९२ क्रेडिट गुणिले ३.३४ म्हणजे ३०७.२८ गुण. चार क्रेडिटचा तो कोर्स परत करून ए (क्रेडिटमागे ४ गुण) मिळवला तर १६ गुण वाढतात, क्रेडिट ९६ होतात, भागाकार ३.३७. एवढ्या मेहनतीला तीन शतांश! हे बघून बरेच जण परत करण्याचा नाद सोडतात, आणि तिथेच चुकतात.

कारण प्रवेश समिती एकच जीपीए बघत नाही. प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशासाठी आधी पूर्ण करावे लागणाऱ्या, कोर्सेसचा वेगळा जीपीए असतो, आणि प्रोग्राम तो आपल्या नियमाने पुन्हा काढू शकतो. समजा तिच्या प्रीरिक्विझिटचे ३८ क्रेडिट आहेत आणि त्यांचा जीपीए ३.२०. दोन्ही प्रयत्न धरणाऱ्या प्रोग्रामात ए मिळाल्यावर तो ३.२८ होईल. पण फक्त नवा ग्रेड धरणाऱ्या प्रोग्रामात तोच ३.४१ होतो. हा फरक मुलाखतीचं बोलावणं येण्या-न येण्याइतका मोठा आहे. म्हणून यादी करताना पहिला प्रश्न हाच : रिपीट केलेला कोर्स तुम्ही कसा धरता? वेबसाइटवर सापडत नसेल तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींची ईमेल करायची.

दुसरंही कारण आहे. डीपीटीच्या पहिल्याच सेमिस्टरला ग्रॉस ॲनाटॉमी असते, बऱ्याच ठिकाणी शवविच्छेदनासह, आणि मुलं अडखळतात ती तिथे. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीतला सी म्हणजे समितीला त्या सेमिस्टरची आगाऊ झलक वाटते. मानसशास्त्रातला सी इतका बोचत नाही. त्यातून काही प्रोग्राम सी चालवून घेतात, काही प्रीरिक्विझिटला बी-मायनसच्या खाली घेतच नाहीत.

म्हणून उन्हाळ्यात तो कोर्स लॅबसकट परत करावा. लॅब प्रत्यक्ष बसून केलेली असावी; ऑनलाइन लॅब सगळीकडे चालत नाही. शक्यतो तिच्याच विद्यापीठात करावा. कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) स्वस्त पडतं आणि पुष्कळ प्रोग्राम ते मान्य करतात, पण सी चार वर्षांच्या विद्यापीठात आणि ए कम्युनिटी कॉलेजात असं चित्र काहींच्या डोळ्यांवर येतं. आणि सी कशामुळे आला ते आधी शोधावं. दुसऱ्या भागात हृदय, श्वसन, मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी असतात. पहिल्या भागातली हाडं आणि स्नायू पाठ करून निभतात, इथे एका बदलाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते साखळीने समजावं लागतं. फ्लॅशकार्डांच्याच जोरावर अभ्यास केलेली मुलं नेमकी इथे घसरतात. परत तसाच अभ्यास केला तर बी येईल, आणि दुसऱ्या खेपेचा बी फारसा कामाचा नाही.

उन्हाळी सत्राचा ग्रेड लागला की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, मागवायचं आणि मग अर्ज सबमिट करायचा. पीटीकॅसचं नवं सत्र जूनच्या मध्याला उघडतं. तेव्हाच सबमिट केलं तर समितीपुढे सी उघडा पडतो आणि रिपीट फक्त ‘चालू’ म्हणून दिसतो. नंतर आलेला ग्रेड अर्जात घालायला अकॅडेमिक अपडेट नावाची सोय आहे, पण ती ठरावीक मुदतीतच उघडते, आणि रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तशा, जागा भरणारे प्रोग्राम तोवर निम्मं काम उरकतात. दीड महिना थांबून ए दाखवणं परवडतं, ऑक्टोबरपर्यंत रेंगाळणं नाही. मात्र यादीतल्या एखाद्या प्रोग्रामची शेवटची तारीख फार लवकर नाही ना, ते आत्ताच बघून ठेवावं. अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नये. त्यात एकाच प्रोग्रामला अर्ज करून, मिळाला तर तिथेच जाण्याची बांधिलकी असते. ज्यांचे आकडे त्या प्रोग्रामच्या सरासरीच्या वर आहेत त्यांच्यासाठी ते आहे.

आता यादी. एक साधी स्प्रेडशीट करा. आडव्या ओळीत प्रोग्राम, उभ्या रकान्यात अटी. साधारणपणे सगळीकडे लागतात ते असे : बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्सचे प्रत्येकी दोन कोर्स लॅबसकट, ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग, स्टॅटिस्टिक्स एक, सायकॉलॉजी एक किंवा दोन. फिजिक्स कॅल्क्युलसवालं लागत नाही, बीजगणितावर आधारलेलं पुरतं. हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो बारकाव्यांत. कुणाला सायकॉलॉजीचा दुसरा कोर्स डेव्हलपमेंटलच हवा, कुणाला ॲबनॉर्मल. कुणी एक्सरसाइज फिजिऑलॉजी मागतं, तर कुणी तीच ‘फिजिऑलॉजी’ म्हणून धरायला नकार देतं. हायस्कूलच्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेवर मिळालेले विज्ञानाचे क्रेडिट काही ठिकाणी चालत नाहीत. ठरावीक वर्षांपेक्षा जुना कोर्स काही घेत नाहीत. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचा पहिला भाग एका कॉलेजात आणि दुसरा दुसरीकडे केला, तर मधला एखादा विषय सुटलाय का हेही विचारतात. शेवटच्या वर्षाचं रजिस्ट्रेशन ही शीट समोर ठेवूनच करावं, नाहीतर मार्चमध्ये प्रवेश मिळतो आणि एप्रिलमध्ये कळतं की तीन क्रेडिटची सायकॉलॉजी कमी आहे.

याच शीटमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या मागच्या बॅचचा सरासरी जीपीए लिहा; बरेच प्रोग्राम तो जाहीर करतात. आणखी दोन रकाने हवेत. एक, कॅप्टीची, म्हणजे फिजिकल थेरपीच्या प्रोग्रामांना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता. ती नसलेल्या प्रोग्राममधून पदवी घेऊन लायसन्सच्या परीक्षेला, म्हणजे एनपीटीईला, बसता येत नाही. नव्या प्रोग्रामांच्या नावापुढे ‘कँडिडेट’ असं लिहिलेलं असतं. तो मान्यतेच्या वाटेवरचा टप्पा आहे, पूर्ण मान्यता नव्हे. दोन, एनपीटीई उत्तीर्ण होण्याचं प्रमाण. दोन वर्षांच्या सरासरीने अखेरचं उत्तीर्ण प्रमाण किमान ८५ टक्के असावं असा कॅप्टीचा निकष आहे. जे प्रोग्राम जेमतेम तिथे आहेत त्यांच्याकडे सहज प्रवेश मिळतो म्हणून धावू नये.

तुमच्या मुलीच्या बाबतीत सात-आठ प्रोग्राम पुरेत. त्यातले निदान पाच असे, की जिथली सरासरी ३.५ च्या खाली आहे किंवा शेवटच्या ६० क्रेडिटना वेगळं वजन आहे. हे साठ क्रेडिटचं प्रकरण तिच्या फायद्याचं ठरू शकतं. पहिलं वर्ष वाईट आणि पुढची चढती असतील तर एकूण ३.३४ च्या आत ३.५ लपलेला असतो. तो काढून बघा. उरलेल्या २८ क्रेडिटना तिने ३.८ राखला तर एकूणही, रिपीट न धरता, ३.४५ पर्यंत जातो.

साठ तास

आकडा वाईट नाही, जागा एकच आहे ही अडचण. काही प्रोग्राम तास मागतच नाहीत, काही शंभर किंवा त्याहून जास्त मागतात, आणि बरेच जण इनपेशंट (दाखल झालेले) व आउटपेशंट (येऊन-जाऊन उपचार घेणारे) अशी विभागणी मागतात. स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये साठ तास बसलेल्या मुलीने पाहिलेत ते गुडघ्याचे लिगामेंट आणि खांद्याचे दुखणे. पक्षाघातानंतर पलंगाच्या कडेला बसायला शिकणारा माणूस तिने पाहिलेला नाही, आणि हे समितीला दिसतं.

आणखी ४० ते ५० तास हवेत, तेही हॉस्पिटल, इनपेशंट रिहॅब, नर्सिंग फॅसिलिटी किंवा लहान मुलांचं केंद्र यांपैकी दोन ठिकाणी. हॉस्पिटलसाठी आजच अर्ज करावा. व्हॉलंटियर ऑफिस टीबीची चाचणी, लसींच्या नोंदी, फ्लू शॉट, पेशंटच्या गोपनीयतेचं म्हणजे हिपाचं ट्रेनिंग, कधी पार्श्वभूमी तपासणी असं सगळं मागतं, आणि त्यात महिना-दोन महिने सहज जातात. तास लायसन्सधारक फिजिकल थेरपिस्टच्या देखरेखीखालचेच धरले जातात. कायरोप्रॅक्टर किंवा ॲथलेटिक ट्रेनरजवळचे नाहीत. सही त्याच आठवड्यात घ्यावी. थेरपिस्ट नोकऱ्या बदलतात, आणि सहा महिन्यांनी सही मागायला गेलं की समोर नवाच माणूस असतो. क्लिनिकमध्ये एडची, म्हणजे थेरपिस्टच्या मदतनिसाची, पगारी नोकरी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पुष्कळ प्रोग्राम ते तासही धरतात.

रोज घरी आल्यावर दहा मिनिटं वही लिहावी, पेशंटचं नाव-गाव न घालता. ‘आज तीन पेशंट पाहिले’ असं नाही. गुडघा बदललेल्या बाईंना खुर्चीतून उठायला शिकवताना थेरपिस्टने आधी काय केलं? त्यांना कडेला सरकवलं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायला लावली, अंग पुढे झुकवायला लावलं. बाईंनी वॉकर धरून स्वतःला ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा थांबवून हात खुर्चीच्या हातांवर ठेवायला लावले, कारण जोर पडला की वॉकर उलटतो. तरी जमेना, तेव्हा बैठकीवर उशी घालून उंची वाढवली, आणि त्या उठल्या. हे लिहिलेलं असलं की निबंध आणि मुलाखत दोन्हींचं कच्चं सामान तयार होतं.

निबंध आणि पत्रं

पीटीकॅसच्या निबंधाला ४,५०० अक्षरांची मर्यादा असते, मोकळ्या जागा धरून. म्हणजे इंग्रजीत सातशेच्या आसपास शब्द. तोच निबंध सगळ्या प्रोग्रामांना जातो आणि सबमिट केल्यावर बदलता येत नाही, तेव्हा त्यात एकाही विद्यापीठाचं नाव घालू नये. विषय दरवर्षी शब्दशः वाचावा. ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं’ हे वाक्य नर्सच्या, शिक्षकाच्या, अग्निशामकाच्याही अर्जात बसतं. समितीला कळायला हवं की हिला फिजिकल थेरपीच का, डॉक्टरकी का नाही, ऑक्युपेशनल थेरपी का नाही. वरच्या उशीसारखा एक प्रसंग, त्यातून तिला काय उमगलं, आणि त्यानंतर तिने स्वतः काय केलं, एवढ्यावर निबंध उभा राहतो. स्वतःच्या खेळातल्या दुखापतीवर इतके जण लिहितात की वाचणाऱ्याला पुढची ओळ पाठ असते. सी-चं स्पष्टीकरण निबंधात नको. प्रोग्रामने वेगळी जागा दिली असेल तर तिथे तीन ओळी : काय झालं, अभ्यासाची कोणती पद्धत बदलली, नवा ग्रेड काय. प्राध्यापकाला दोष देणारं अर्धं वाक्यही नको.

सर्जनसाहेबांच्या पत्राबद्दल स्पष्टच सांगायचं तर, आभार मानून ठेवून द्या. त्यांनी मुलीला काम करताना पाहिलेलं नाही, त्यामुळे पत्रात ‘सुसंस्कृत घरातली हुशार मुलगी’ यापलीकडे काही येणार नाही. प्रोग्राम साधारण दोन-तीन पत्रं मागतात : एक थेरपिस्टचं, एक विज्ञानाच्या प्राध्यापकाचं, आणि असलंच तर एक नोकरीतल्या किंवा व्हॉलंटियर कामातल्या वरिष्ठांचं. उन्हाळ्यात ॲनाटॉमी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं पत्र मिळालं तर उत्तमच. सी-वरचा तोच सर्वांत चांगला उतारा. पण सहा आठवड्यांत त्यांना ती माहीत व्हायची तर पहिल्या आठवड्यापासून ऑफिस अवर्सना जावं लागेल. पत्र वाचण्याचा हक्क सोडते, या चौकोनात तिने खूण करावी, नाहीतर पत्राचं वजन घटतं. आणि पत्र देणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं की विनंतीची ईमेल पीटीकॅसकडून येईल, स्पॅममध्ये बघा. पत्र आलंच नाही म्हणून महिनाभर रखडलेल्या अर्जांचं मूळ पुष्कळदा त्या स्पॅम फोल्डरात सापडतं.

जीआरईचं लवकर आटपू. अनेक प्रोग्रामांनी तो काढून टाकलाय. शीटमधले निम्मे प्रोग्राम मागत असतील तरच द्यावा, दोन-तीनच असतील तर ते वगळून दुसरे घ्यावेत. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते. व्हर्बल आणि क्वांट प्रत्येकी १३० ते १७०, आणि एक निबंध. गुण पाठवताना विद्यापीठाचा सर्वसाधारण कोड नव्हे, त्या प्रोग्रामने पीटीकॅससाठी दिलेला कोड टाकायचा. तिचा उन्हाळा ॲनाटॉमीचा आहे, जीआरईला त्यात वाटा देऊ नये.

मुलाखतीची तयारी बोलावणं आल्यावर केली तरी चालते. अपवाद एकच : फिजिकल थेरपिस्ट आणि त्यांचे असिस्टंट यांच्या कामात काय फरक, डॉक्टरच्या चिठ्ठीविना पेशंट थेट येऊ शकतो का, असे प्रश्न शॅडोइंगच्या वेळीच थेरपिस्टला विचारून ठेवावेत.

खर्चाचा विचार यादी करतानाच करा, प्रवेश मिळाल्यावर नाही. पीटीकॅसला पहिल्या प्रोग्रामचे दीडशे डॉलरच्या वर लागतात, पुढच्या प्रत्येकाचे त्याहून बरेच कमी. काही विद्यापीठं स्वतःची फी वेगळी घेतात. ती रक्कम किरकोळ. खरा खर्च तीन वर्षांच्या ट्यूशनचा. राज्याच्या विद्यापीठात आणि खाजगी विद्यापीठात तो दुप्पटही निघू शकतो, आणि पदवीनंतरचा पगार मात्र दोन्हीकडच्यांना सारखाच मिळतो. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज बंद, आणि उरलेल्या सरकारी कर्जावर वर्षाची व एकूण अशी मर्यादा आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी ती वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर आहे. ठरावीक ‘व्यावसायिक’ पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. डीपीटी यातल्या कोणत्या गटात धरली जाते, हे प्रत्येक प्रोग्रामच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या आणि तो आकडा शीटमध्ये लिहा.

आता फॉर्म. तो तुम्ही भरू नका. अर्जावर तिला सही करून लिहून द्यावं लागतं की यातली माहिती माझी आणि खरी आहे, आणि मुलाखतीत त्यातल्याच ओळीवर बोट ठेवून प्रश्न येतो. शिवाय कोर्सेसची नोंद हे किचकट काम आहे. प्रत्येक कोर्सचा नंबर, शीर्षक, क्रेडिट, ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर आहे तस्संच टाकायचं. चुका जास्त झाल्या तर अर्ज ‘अनडिलिव्हर्ड’ म्हणून परत येतो, आणि दुरुस्त करून पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. पीटीकॅसच्या व्हेरिफिकेशनला, म्हणजे नोंदी ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघण्याला, स्वतःचे दोन आठवडे लागू शकतात, ते वेगळेच.

तुम्हाला हातभार लावायचाच असेल तर ती शीट तुम्ही सांभाळा, आणि एक शोध घ्या. हायस्कूलमध्ये असताना तिने ड्युअल एनरोलमेंटमध्ये एखाद्या कम्युनिटी कॉलेजचा कोर्स केला होता का? केला असेल, तर त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्टही लागतं, मग क्रेडिट तिच्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर आलेले असोत वा नसोत. सोळाव्या वर्षी केलेला तो एक कोर्स सगळे विसरतात. त्या रजिस्ट्रार ऑफिसात तिचं खातं कोणत्या ईमेलवर आहे, जुनी थकबाकी राहिलीय का, एवढं जूनच्या आधी शोधून ठेवा. ट्रान्सक्रिप्टची मागणी मात्र तिनेच करायची, आणि ते कॉलेजकडून थेट पीटीकॅसला जायला हवं. तुमच्या फायलीतली प्रत तिथे चालत नाही.